भिंतीमागचा दिएगो

दिएगो रिव्हेराला लहानपणी गावात 'इंजिनिअर' म्हणायचे. ही माहिती त्यानेच सांगून ठेवली आहे, त्यामुळे मीठ लावूनच घ्यायची. पण आगगाड्यांचं वेड त्याला होतं हे खरं. खेळणी खोलून आत काय आहे ते बघायचं, आणि घरात जी भिंत दिसेल तिच्यावर इंजिनं काढायची. वडील शिक्षक, विचारांनी पुढारलेले. त्यांनी मार देण्याऐवजी एका खोलीच्या भिंतींना पोराच्या हाताला पोचेल तिथपर्यंत फळे लावून दिले आणि सांगितलं, काय गिरबटायचं ते इथे गिरबट. पुढे याच पोराने दोन देशांतल्या सरकारी इमारती, कॉलेजं, हॉटेलं आणि कारखानदारांच्या पैशाने उभी राहिलेली संग्रहालयं रंगवून काढली.

चित्रकाराबद्दल आपल्या मासिकात कशाला, असं काहीजण म्हणतील. मी सिव्हिलवाला आहे आणि मला या माणसाची ओळख चित्रांमुळे झालीच नाही. चुन्यामुळे झाली, आणि पस्तीस टनांची एक भिंत भूकंपानंतर अख्खी उचलून कशी नेली त्या गोष्टीमुळे झाली. मग एकातून एक निघत गेलं. शेवटी एखादी रहस्यकथा वाचावी तसं झालं. लपवलेली चित्रं, पडद्यामागे गेलेली भिंत, खून, पोलीस, थडगी फोडून आलेल्या मूर्ती आणि वर्षानुवर्षं कुलूप लावलेलं एक न्हाणीघर. हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात.

जन्म ८ डिसेंबर १८८६, मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो गावी. चांदीच्या खाणींचं गाव. बरोबर एक जुळा भाऊ होता, तो दोन वर्षांचा व्हायच्या आत गेला. नंतर कुटुंब मेक्सिको शहरात आलं आणि दहाव्या वर्षी दिएगो सान कार्लोस कला अकादमीत जायला लागला. १९०७ मध्ये व्हेराक्रूझच्या गव्हर्नरने शिष्यवृत्ती दिली आणि स्वारी स्पेनला गेली, तिथून पॅरिस.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दिएगो अट्टल थापाड्या होता. साधासुधा नाही, लोणकढी थाप मारणारा. विद्यार्थी असताना आपण आणि मित्रांनी माणसाचं मांस खाऊन बघितलं, ही एक. क्रांतीच्या वेळी झापाताच्या फौजेबरोबर आपण लढलो, ही दुसरी. खरी हकीकत अशी की २० नोव्हेंबर १९१०, ज्या दिवशी मादेरोने देशाला उठावाची हाक दिली होती, त्या दिवशी दिएगोच्या चित्रांचं प्रदर्शन मेक्सिको शहरात भरलं होतं आणि त्याचं उद्घाटन हुकूमशहा पोर्फिरिओ दियाझच्या बायकोच्या हस्ते झालं. पुढच्या वर्षी हा परत पॅरिसला. देश पेटलेला असताना क्रांतीचा पुढे सगळ्यात मोठा चित्रकार ठरलेला माणूस सीन नदीकाठी क्यूबिझम शिकत होता. मला वाटतं, नंतरच्या सगळ्या थापांचं मूळ इथे आहे. जिथे असायला हवं होतं तिथे आपण नव्हतो, हे त्याला आयुष्यभर टोचत राहिलं असावं.

त्या पॅरिसच्या दिवसांत १९१५ साली त्याने 'झापातिस्ता लँडस्केप' नावाचं चित्र काढलं. घडीच्या, तुकड्यातुकड्यांच्या डोंगरांपुढे एक टोपी, एक बंदूक, एक मेक्सिकन घोंगडी. माणूस नाहीच. आता मजा बघा. १९७७ मध्ये, म्हणजे दिएगो जाऊन वीस वर्षं झाल्यावर, या कॅनव्हासची पाठ साफ करताना लक्षात आलं की वांगी रंगाच्या जाड थराखाली काहीतरी आहे. थर काढला तर आत १९१३ चं एक अख्खं चित्र, विहिरीवरची बाई. स्वतःचंच चित्र त्याने रंग फासून बुजवलं होतं आणि कॅनव्हास उलटा करून दुसऱ्या बाजूला नवं काढलं होतं. आता ते दोन्ही बाजूंनी बघता येतं.

पॅरिसमधलं त्याचं घरचं वागणं मात्र सांगण्यासारखं नाही, पण सांगायला हवं. आंजेलिना बेलॉफ नावाची रशियन चित्रकार त्याच्याबरोबर दहा-बारा वर्षं राहिली, गरिबीत. त्यांचा मुलगा १९१६ मध्ये जन्मला आणि दीड वर्षाचाही न होता गेला. त्याच काळात दुसऱ्या एका चित्रकार बाईपासून दिएगोला मुलगी झाली. तिला त्याने कागदोपत्री आपलं नाव कधी दिलं नाही. १९२१ मध्ये तो बोटीत बसून मायदेशी निघाला तो एकटाच. आंजेलिना वाट बघत राहिली.

मेक्सिकोत दहा वर्षांची यादवी संपत आली होती. लाखो माणसं मेली होती आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शिक्षणमंत्री होसे व्हास्कोन्सेलोसने ठरवलं की सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना द्यायच्या. वाचता येत नसेल तर लोक बघतील तरी. दिएगो नुकताच इटलीत फिरून तिथली चर्चमधली जुनी भित्तिचित्रं बघून आला होता. १९२३ ते १९२८ ही पाच वर्षं त्याने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत काढली. तीन मजले, दोन चौक, शंभराहून जास्त चित्रं. खाणीतून वर आल्यावर मजुराची झडती घेतात ते, उसाचा मळा, विणकर, बाजार, मेलेल्यांचा सण, गावातली शिक्षिका. वजन सव्वाशे किलोच्या पुढे आणि परांचीवर एका दमात बारा-पंधरा तास. कमरेला पिस्तूल. हे पिस्तूल नुसतं शोभेचं नव्हतं. भिंतीवर शेतमजूर आणि इंडियन लोक काढलेले बघून चिडणारे विद्यार्थी त्या शहरात बरेच होते आणि चित्रं विद्रूप करायचे प्रकार सर्रास चालायचे.

आता चुना. फ्रेस्को म्हणजे भिंतीवर रंग लावणं नव्हे. आपण पानाला लावतो त्याच चुन्याचा हा खेळ आहे. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, महिनोन्‌महिने मुरू द्यायचा. मग त्यात वाळू, आणि सगळ्यात वरच्या थरासाठी संगमरवराची भुकटी घालून गिलावा करायचा. गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो आणि सुकता सुकता त्याचा परत चुनखडीसारखा दगड होतो, रंगाचे कण त्यात अडकून बसतात. म्हणजे चित्र भिंतीवर राहत नाही, भिंतीत राहतं. पण याचा अर्थ असा की गवंड्याने सकाळी जेवढा तुकडा लिंपला तेवढा सात-आठ तासांत संपवायचा. नाही संपला तर उरलेला गिलावा खरवडून काढायचा आणि उद्या पुन्हा. खोडरबर नाही. दिएगो कधीकधी रात्री उशिरा सगळं खरवडून परत सुरुवात करायचा आणि मदतनीस हात टेकायचे.

त्यातही त्याने एक पुडी सोडलीच. अॅझ्टेक लोकांची हरवलेली पद्धत आपल्याला सापडली, निवडुंगाचा आंबवलेला चीक रंगात घातला की झालं, असं त्याने जाहीर केलं. पेपरवाल्यांनी ती बातमी उचलली, राष्ट्रीय अभिमान वगैरे झाला. मग काही दिवसांनी चीक कुजून भिंतीवर डाग पडायला लागले. दिएगोने गाजावाजा न करता इटालियन पद्धत परत चालू केली.

याच इमारतीत एक चित्र आहे, 'आमची भाकरी' म्हणा हवं तर. टेबलाभोवती वेगवेगळ्या वंशांची माणसं, मुलं, आणि मध्यभागी भाकरी मोडून वाटणारा एक माणूस. तो माणूस वर्ध्याचा आहे! डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर पक्षाचे क्रांतिकारक, इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत, इराणपासून अमेरिकेपर्यंत हिंडून १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला लागले. मक्याच्या नव्या जातींवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो त्या शाळांचा पाठीराखा होता. चापिंगोच्याच जुन्या प्रार्थनागृहात त्याने १९२६-२७ मध्ये जमीन आणि क्रांती यांवर जी चित्रं काढली ती अनेकांच्या मते त्याची सर्वोत्तम. खानखोजे स्वातंत्र्यानंतर परत आले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसला. मेक्सिको शहरातल्या मंत्रालयाच्या भिंतीवर एक वऱ्हाडाकडचा माणूस शंभर वर्षांच्या आसपास भाकरी वाटतोय, आणि आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही.

१९२९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. कम्युनिस्ट पक्षाने त्याला काढून टाकलं, आणि फ्रीडा काहलोशी त्याचं लग्न झालं. तो ४२ चा, ती २२ ची. तिची गोष्ट आज जगाला जास्त माहीत आहे, त्यामुळे मी इथे आवरतं घेतो. एवढंच, की १९३४ च्या सुमारास त्याने तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी संबंध ठेवले. १९३९ मध्ये घटस्फोट, १९४० मध्ये परत लग्न, तेही एकमेकांशीच.

आपल्या कामाचा भाग आता येतो. एप्रिल १९३२ मध्ये दिएगो डेट्रॉइटला पोचला. तिथल्या कला संग्रहालयाच्या चौकात भिंती रंगवायच्या होत्या आणि पैसे देणार होता एडसेल फोर्ड, हेन्री फोर्डचा मुलगा. कम्युनिस्ट चित्रकार आणि मोटारवाल्यांचे डॉलर! दिएगोने ब्रश हातात घ्यायच्या आधी महिनाभराहून जास्त काळ फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यात काढला. एका दाराने लोखंडाची माती आत येते आणि दुसऱ्या दाराने मोटार बाहेर पडते, असा तो कारखाना. स्वतःचं पोलाद, स्वतःची काच, स्वतःचं वीजघर. मेकॅनिकलच्या पोरांनी हे चित्र नुसतं फोटोत जरी बघितलं तरी चालेल. उत्तरेच्या भिंतीवर १९३२ च्या नव्या व्ही-एट इंजिनाचं काम चालू आहे. मागे भट्टी पेटलेली, पुढे ड्रिलिंग, कन्व्हेयर सापासारखे वळत गेलेले, आणि माणसं वाकून, रेटून, दातओठ खाऊन काम करतायत. मशिनं काढताना त्याने थाप मारलेली नाही. कुठलं मशिन कुठलं काम करतं ते ओळखता येतं, असं तिथले कामगारही म्हणायचे.

दक्षिणेच्या भिंतीवर उजवीकडे एक प्रचंड स्टॅम्पिंग प्रेस आहे. पत्र्याला आकार देणारी. ती बघताना काहीतरी वेगळंच वाटतं, मशिन आपल्याकडे बघतंय असं. कारण तिची ठेवण त्याने कोआत्लिक्वे या अॅझ्टेक देवीसारखी केली आहे. ही देवी कोण? तिची मूर्ती ऑगस्ट १७९० मध्ये मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात फरसबंदीचं काम चालू असताना सापडली. अडीच मीटरच्या वर उंच. डोक्याच्या जागी दोन सापांची तोंडं एकमेकांना भिडलेली, गळ्यात माणसांच्या हातांची आणि हृदयांची माळ, सापांचा घागरा. स्पॅनिश सरकारने ती विद्यापीठात ठेवली. मग कळलं की इंडियन लोक गुपचूप येऊन तिच्यापुढे फुलं आणि मेणबत्त्या ठेवतायत. झालं, मूर्ती परत जमिनीत पुरली. १८०३ मध्ये हुंबोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ आला, त्याला दाखवायला उकरली आणि तो गेल्यावर पुन्हा पुरली. देवीला दोनदा गाडणारी ही हकीकत दिएगोला नक्कीच ठाऊक असणार. आणि त्याने तिला कुठे वर काढलं, तर फोर्डच्या कारखान्यात, मोटारीचे पत्रे दाबायला.

पण त्या भिंतींवर काय नाही, तेही बघा. तो पोचायच्या महिनाभर आधी, ७ मार्च १९३२ ला, बेकार कामगारांचा मोर्चा रूजच्या फाटकाकडे निघाला होता. पोलीस आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या, चार जण जागीच गेले, पाचवा नंतर. सत्तावीस चित्रांत या गोळीबाराचा मागमूस नाही. पैसे देणाऱ्याच्या घरात त्याने ती गोष्ट काढली नाही. मला हे खटकतं आणि चित्रं आवडतात, दोन्ही एकदम.

गंमत म्हणजे ओरड झाली ती भलत्याच चित्रावर. लस टोचून घेणारं बाळ, परिचारिका, डॉक्टर, पुढे गाय-घोडा-मेंढ्या. हे येशूजन्माचं विडंबन आहे म्हणून धर्मगुरू खवळले, पेपरांनी भिंतींना चुना फासा म्हणून मागणी केली. एडसेल फोर्ड ठाम राहिला. बघायला एवढी गर्दी झाली की सांगता सोय नाही. पुढे २०१३ मध्ये डेट्रॉइट शहरानेच दिवाळं काढलं तेव्हा संग्रहालयातली चित्रं विकून कर्ज फेडायचा विषय निघाला होता. मोठ्या वर्गण्या गोळा होऊन २०१४ मध्ये ते टळलं.

एडसेलने जे केलं ते रॉकफेलरांना जमलं नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या मुख्य इमारतीत दिएगोने मार्च १९३३ मध्ये काम सुरू केलं. विषय, चौरस्त्यावर उभा माणूस. चित्र पुढे सरकलं तसा त्यात लेनिनचा चेहरा उमटला. भांडवलशाहीच्या देवळात! नेल्सन रॉकफेलरने पत्र लिहून तो चेहरा बदलायची विनंती केली. दिएगोने पलीकडे लिंकन काढून देतो म्हणून सांगितलं, लेनिन मात्र हलणार नाही. ९ मे १९३३ ला त्याला परांचीवरून खाली बोलावलं, ठरलेले २१,००० डॉलर पूर्ण चुकते केले आणि दरवाजा दाखवला. भिंतीवर पडदा पडला. त्याच्या मदतनिसांपैकी ल्युसियन ब्लॉक या मुलीने त्याआधीच छोटा कॅमेरा चोरून आत नेऊन फोटो काढून ठेवले होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये एका रात्री घण घालून गिलावा पाडला. चुन्याच्या चित्राची हीच पंचाईत आहे, ते भिंतीत असतं म्हणून सहजासहजी काढून नेता येत नाही. दिएगोने त्याच वर्षी त्या फोटोंवरून तेच चित्र मेक्सिको शहरातल्या बेयास आर्तेस या कलाभवनात परत काढलं. यावेळी एक भर घातली. रॉकफेलर थोरल्यांना, जे दारूला स्पर्श करत नसत, नाइटक्लबात पेल्यासकट बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर गुप्तरोगाचे जंतू सोडले. सूड म्हणून हा प्रकार थोर आहे, पण चित्र म्हणून मला डेट्रॉइटच्या जवळपासही वाटत नाही. फार गच्च झालंय.

मग खुनाचा भाग. स्टालिनने हाकलेल्या ट्रॉट्स्कीला जगात कोणी थारा देईना. दिएगोने राष्ट्राध्यक्ष कार्देनासकडे शब्द टाकला आणि जानेवारी १९३७ मध्ये ट्रॉट्स्की मेक्सिकोत आला, कोयोआकानमध्ये फ्रीडाच्या माहेरच्या निळ्या घरात राहिला. १९३९ मध्ये दोघांचं फाटलं. २४ मे १९४० च्या पहाटे ट्रॉट्स्कीच्या नव्या घरावर गोळीबार झाला. टोळीचा म्होरक्या होता सिकेरोस, दिएगोइतकाच नावाजलेला भित्तिचित्रकार! पण पोलिसांचा पहिला संशय दिएगोवर गेला. तो एका अमेरिकन नटीच्या मदतीने निसटून सॅन फ्रान्सिस्कोला पळाला. २० ऑगस्टला स्टालिनच्या माणसाने बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीने ट्रॉट्स्कीच्या डोक्यात घाव घातला, दुसऱ्या दिवशी तो गेला. पोलिसांनी फ्रीडालाही धरून चौकशी केली. दिएगो त्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत प्रदर्शनाला आलेल्या लोकांसमोर परांचीवर बसून चित्र काढत होता.

अनेक वर्षांनी अमेरिकी सरकारची जुनी दप्तरं खुली झाली तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्या काळात दिएगो मेक्सिकोतल्या अमेरिकी वकिलातीला कम्युनिस्टांबद्दल माहिती आणि नावं पुरवत होता. आणि हाच माणूस पुढे पक्षात परत घ्या म्हणून वारंवार अर्ज करत राहिला. ट्रॉट्स्कीला मेक्सिकोत आणलं ते मारायला सोपं जावं म्हणूनच, अशी बढाईही त्याने मारल्याचं सांगतात. ही त्याची सर्वात किळसवाणी थाप. १९५४ मध्ये, फ्रीडा गेल्यावर, पक्षाने त्याला परत घेतलं.

आता ती पस्तीस टनांची भिंत. १९४७ मध्ये आलामेदा बागेसमोरच्या देल प्रादो हॉटेलात त्याने रविवारच्या दुपारचं एक स्वप्न काढलं. पंधरा मीटरच्या वर लांब. बागेत मेक्सिकोचा चारशे वर्षांचा इतिहास फिरायला आलाय. मधोमध नटूनथटून आलेली हाडांची बाई, तिचा हात धरून नऊ-दहा वर्षांचा दिएगो, खिशात बेडूक आणि साप. गर्दीत एकोणिसाव्या शतकातला एक विचारवंत हातात कागद धरून उभा आणि कागदावर देव नाही असं लिहिलेलं. आर्चबिशपने हॉटेलला आशीर्वाद द्यायचं नाकारलं. विद्यार्थी आत घुसले आणि ती अक्षरं खरवडली. दिएगोने परत लिहिली. शेवटी मालकांनी चित्रावर पडदाच बसवला आणि आठ-नऊ वर्षं ते झाकून राहिलं. १९५६ मध्ये मॉस्कोहून कॅन्सरवर उपचार घेऊन आलेला दिएगो परांचीवर चढला, ती ओळ पुसली, तिच्या जागी त्या भाषणाचं ठिकाण आणि साल लिहिलं, आणि खाली उतरून आपण कॅथलिक असल्याचं पत्रकारांना सांगून टाकलं. आता यातली खरी गोष्ट कुठली, मला ठरवता येत नाही.

१९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात देल प्रादो हॉटेल कामातून गेलं. मेक्सिको शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय, तिथे लांबून आलेली लाटही जेलीसारखी वाढते, हे आपल्याला स्ट्रक्चर्सला शिकवतात. हॉटेल गेलं, भिंत वाचली. मग त्या भिंतीला मागून पोलादी सांगाडा बांधला, आजूबाजूचं बांधकाम सोडवलं आणि डिसेंबर १९८६ मध्ये ते सुमारे ३५ टनांचं धूड खास गाडीवर चढवून, गोगलगायीच्या चालीने, बागेच्या पलीकडच्या कडेला नेलं. चित्र आधी ठेवलं आणि भोवती संग्रहालय नंतर बांधलं. ते १९८८ मध्ये खुलं झालं. ज्या गवंड्यांनी तो गिलावा मुळात केला होता त्यांचं कौतुक कुठे लिहिलेलं नाही. तडा गेला नाही ही त्यांचीही करामत आहे.

शेवटचं प्रकरण म्हणजे आनाह्वाकाली. दिएगोला जुन्या, स्पॅनिश यायच्या आधीच्या मूर्ती गोळा करायचा नाद होता. नाद म्हणजे किती, तर पन्नास हजारांहून जास्त नग. घरात पैसे नसले तरी चालतील, मूर्ती सोडायची नाही. त्यांच्यासाठी त्याने शहराच्या दक्षिणेला लाव्ह्याच्या रानात, तिथल्याच काळ्या दगडाचं पिरॅमिडसारखं घर बांधायला घेतलं आणि सगळं देशाला देऊन टाकलं. ते १९६४ मध्ये, त्याच्या मागे उघडलं. दिलदारी खरीच. पण या मूर्ती येत कुठून? कोलिमा, नायारित, हालिस्को भागातल्या खोल थडग्यांतून. गावकरी रात्री खणायचे, मातीचे कुत्रे आणि माणसं वर काढायचे, दलाल गाडीत घालून दिएगोच्या दारात आणायचे. जगात या मूर्तींना भाव आला त्यात दिएगोचा हात मोठा. थडगं एकदा उपसलं की कुणाच्या उशाशी काय ठेवलं होतं, बरोबर कुठली हाडं होती, किती जुनं होतं, हे कायमचं गेलं. मूर्ती उरते, तिची हकीकत जाते. इंडियन लोकांना भिंतीवर मान देणाऱ्या माणसाने त्यांच्या पूर्वजांची थडगी रिकामी करणाऱ्यांना गिऱ्हाईक पुरवलं. अशा वस्तू सरसकट राष्ट्राच्या मालकीच्या ठरवणारा कायदा मेक्सिकोत १९७२ मध्ये आला.

जाता जाता सांगतो, १९८५ च्या नाताळच्या रात्री मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयातून शंभराहून जास्त मौल्यवान वस्तू चोरीला गेल्या. चोर निघाले पशुवैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडलेले दोन तरुण. एवढं नावाजलेलं घबाड कोणी विकत घेईना, बराचसा माल कपाटात पडून राहिला आणि १९८९ मध्ये परत मिळाला. यावर २०१८ मध्ये 'म्यूझेओ' नावाचा सिनेमा निघाला. त्यात एक प्रश्न येतो की संग्रहालयातला माल तरी तिथे कसा आला होता. तो बघून मला आनाह्वाकालीच आठवलं.

दिएगो २४ नोव्हेंबर १९५७ ला गेला. जायच्या आधी त्याने निळ्या घरातलं फ्रीडाच्या खोलीला लागून असलेलं न्हाणीघर बंद करून आपली मैत्रीण दोलोरेस ओल्मेदोला बजावलं होतं की मी मेल्यावर पंधरा वर्षं हे उघडायचं नाही. तिने ते स्वतः जिवंत असेपर्यंत उघडू दिलं नाही. ती २००२ मध्ये वारली आणि दार उघडलं २००४ मध्ये. आत फ्रीडाचे कपडे होते, पाठीचे पट्टे, कुबड्या, औषधं, कृत्रिम पाय. घरातल्या बंद कपाटा-पेट्यांतून हजारो फोटो आणि वीस हजारांच्या वर कागद निघाले. दिएगोला त्यातलं नेमकं काय लपवायचं होतं याचा शोध अजून अभ्यासक घेतायत.

आपली राख तिच्या राखेत मिसळा, अशी त्याची इच्छा होती. ती कोणी पाळली नाही. सरकारने त्याला मोठ्या लोकांच्या स्मशानभूमीत मानाने पुरलं. फ्रीडाची राख निळ्या घरातच आहे, बेडकाच्या घाटाच्या एका मातीच्या भांड्यात. तो स्वतःला बेडूकच म्हणवून घ्यायचा.